विषय: व्हॅलेन्सियाचा गुलिव्हर – लहान मुलांना घेऊन कुणी गेलंय का?

प्रेषक: स्लाउकर

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या हाफ टर्मला (शाळेच्या मधल्या सुट्टीत) आम्ही चौघं आणि सध्या इथे इंग्लंडला आलेले माझे सासू-सासरे असे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला चाललोय. मुलं सात आणि तीन वर्षांची. मोठ्याने शाळेत कुणाकडून तरी ऐकलंय की तिथे एक राक्षस झोपलाय आणि त्याच्या अंगावरून घसरता येतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिकीट आधी काढावं लागतं का? धाकटीला झेपेल का? आणि तोवर आजी-आजोबांनी काय करायचं? सासऱ्यांना "तुम्ही बाकावर बसा" म्हटलेलं अजिबात खपत नाही.

---

प्रेषक: रेडिंगकर

राक्षस नाही हो, गोष्टीतला गुलिव्हर! लिलिपुट या बोटभर माणसांच्या देशाच्या किनाऱ्यावर दोऱ्यांनी जखडून टाकलेला, उताणा पडलेला. लांबी सुमारे 70 मीटर. 1990 पासून तिथे पडून आहे. तिकीट-बिकीट काही नाही, सगळं फुकट. फाटक असतं आणि वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या. पांढऱ्या चकचकीत इमारतींचं ते सायन्स म्युझियम बघायला सगळेच जातात, तिथून गुलिव्हर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या घरी म्युझियम विसरलेत, गुलिव्हर नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा. निघायच्या आधी मुलांना गोष्ट सांगा आणि नकाशात उपग्रहाचं चित्र लावून वरून दिसणारा गुलिव्हर दाखवा. जमिनीवरून तो माणूस आहे हे चटकन कळतच नाही. समोर नुसते चढ, खाचा, पायऱ्या, दोर आणि घसरगुंड्या. गोष्ट माहीत नसेल तर ते एक मोठं खेळाचं मैदान, बस. माहीत असेल तर मूल आपोआप लिलिपुटकर होतं. आमची लेक कोटाच्या एका घडीत बसून ओरडत होती, "बाबा, मी खिशात आहे!" तिच्या भावाचं म्हणणं, तो खिसा नाही, काख आहे. यावरून जी जुंपली ती हॉटेलवर पोचेपर्यंत. केसांच्या बटांवरून घसरायचं, बाहीवर चढायचं. कुठून सुरुवात करायची, पुढे कुठे जायचं, हे तिथे कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या पार्कांत प्रत्येक खेळण्याला वयाची पाटी आणि खाली रबर असतं, त्याची सवय असेल तर पहिली दहा मिनिटं आईबापांचाच जीव वरखाली होतो.

धाकटीबद्दल स्पष्टच सांगतो: कडेच्या बुटक्या घसरगुंड्यांवर तिला मजा येईल, पण वर एकटीला सोडू नका. मोठी पोरं सुसाट येतात आणि खाली कोण बसलंय ते बघत नाहीत. एका मुलामागे एक मोठं माणूस हवंच. दोघांनाही फुल पँट घाला, उघड्या पोटऱ्या घासल्या जातात. मध्ये सावली जवळजवळ नाही. ऑक्टोबरातही दुपारी ऊन लागतं, तेव्हा सकाळी फाटक उघडताच गाठा. संध्याकाळी शाळा सुटल्यावर सगळं गाव तिथे लोटतं, आणि रविवारी तर विचारूच नका.

---

प्रेषक: क्रॉयडनकर काकू

अगं स्लाउकर, सासऱ्यांची काळजी सोड. त्यांना बाकावर बसवायचंच नाही, नदीत फिरवायचं!

गुलिव्हर जिथे आहे ते तुरिया नदीचं जुनं पात्र आहे. 14 ऑक्टोबर 1957 ला नदीला महापूर आला, किमान 81 माणसं गेली. मग सरकारने नदीच शहराच्या दक्षिणेकडून नवीन पात्र खणून वळवली. कोरड्या पात्रातून मोठा हायवे न्यायचा घाट होता. लोक अडून बसले: पात्र आमचं आहे, आम्हाला ते हिरवं हवंय. आज तिथे जवळजवळ 9 किलोमीटरची बाग आहे, आणि जुने दगडी पूल आता झाडांवरून जातात. मी पुण्याची, त्यामुळे मला हे बघताना काय वाटलं असेल ते सासरे बरोबर ओळखतील. माझ्या माहेरी शनिवार पेठेत 1961 च्या पानशेतच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, हे अजून जिन्याची पायरी दाखवून सांगतात. आणि आम्ही नदीपात्रात काय केलं? रस्ता!

अर्थात नदी वळवली म्हणजे संकट टळलं असं नाही. 29 ऑक्टोबर 2024 ला तिथे ढग फुटले तेव्हा नव्या पात्रामुळे मूळ शहर वाचलं, पण त्याच्या दक्षिणेची पायपोर्तासारखी गावं अक्षरशः धुऊन निघाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. तुम्ही नेमके त्याच सुमारास जाताय, तर गावात कुणाशी बोलताना एवढं भान असू द्या.

सासूबाईंसाठी वेगळी गंमत. हा गुलिव्हर उभा करण्यात मानोलो मार्तिन नावाच्या कलाकाराचा हात होता, आणि तो मूळचा फायासचे पुतळे करणारा. फायास म्हणजे तिथला मार्चमधला सण. गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर वर्गणी काढून घरांएवढे देखावे उभे करतात, पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल करतात आणि 19 मार्चच्या रात्री सगळं पेटवून देतात. लोकांनी मत देऊन वाचवलेली एखादी मूर्ती तेवढी म्युझियममध्ये जाते. आपल्या गणपती मंडळांना हे लगेच कळेल, फक्त विसर्जनाला पाण्याऐवजी आग. जन्मभर जाळण्यासाठी पुतळे घडवलेल्या माणसाचं हे एक काम मात्र पोरांच्या पायाखाली टिकून राहिलंय, मला याचंच जास्त अप्रूप.

---

प्रेषक: स्लाउकर

काकू, तुमची मेल मोठ्याने वाचून दाखवली. सासरे म्हणाले, "पूल किती आहेत ते विचार, सगळे चालणार." आता बाकावर मीच बसणार असं दिसतंय. रेडिंगकर, एकच राहिलं: पात्रात उतरायला पायऱ्याच आहेत का? धाकटीची बग्गी (बाबागाडी) असेल.

---

प्रेषक: रेडिंगकर

सायकलींसाठी उतार केलेले आहेत, बग्गी आरामात जाते. पण ती गुलिव्हरच्या बाहेरच ठेवा आणि एक माणूस तिच्यापाशी थांबवा, पिशव्याही तिथेच राहतील. आणि खाऊ घरूनच न्या. मुलं उतरायला तयार नसतात, तेव्हा डबा उघडून दाखवला तरच खाली येतात.