अनुभव धागा : कोल्हापुरातलं पीएफ-पेन्शन सल्लागाराचं काम

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत किंवा साखर कारखान्यांत हे काम करणाऱ्यांनी लिहावं. आत्मचरित्र नको, हिशेब कुठं अडतो ते सांगा.

साखर कारखाना, टाइम ऑफिस (हजेरी विभाग) : हंगामी आणि कायम कामगारांची नोंद आधी वेगळी करा. ग्रॅच्युइटी कायम माणसाला दर वर्षाला 15 दिवसांच्या पगाराची, हंगामीला दर हंगामाला 7 दिवसांची. मूळ पगार अधिक महागाई भत्ता 26,000 असेल, तर 26 नं (महिन्याचे कामाचे दिवस) भागून कायमला वर्षाचे 15,000, हंगामीला 7,000. शिवाय हंगामीची, कारखाना चालला त्या दिवसांपैकी 75 टक्के हजेरी हवी. पीएफसोबतच्या पेन्शनला (ईपीएस) उलट : हंगाम पाच महिन्यांचा असला तरी ते वर्ष पूर्ण धरतात. पण माणूस कायम दाखवला आणि उरलेले महिने बिनपगारी टाकले, तर हा फायदा गेला. क्लार्कची एक सवय, भोगायचं कामगारानं.

फाउंड्रीचं काम बघणारा सल्लागार : पेन्शनचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं : सरासरी पगार गुणिले सेवा भागिले 70. सप्टेंबर 2004 ला लागलेला माणूस 22 वर्षांनी 58 व्या वर्षी सुटला, की 15,000 नं (पेन्शनसाठी धरायच्या मासिक पगाराची कमाल मर्यादा) गुणून महिना 4,714 सांगून मोकळे होतात. 31 ऑगस्ट 2014 पर्यंतची दहा वर्षं मात्र तेव्हाच्या 6,500 च्या मर्यादेनं मोजली जातात. म्हणजे 929 अधिक 2,571, एकूण 3,500. वीस वर्षं भरल्याची दोन जादा वर्षं धरली की थोडी वाढते. कामगाराला हाच आकडा आधी सांगा, नाहीतर मंजुरीपत्र आल्यावर भांडण तुमच्याशी.

पेरोलवाली : दोन चुका हमखास. वयाची 58 पूर्ण झाल्यावरही मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन खात्यात जात राहतात. ते पीएफमध्ये वळवायला हवेत. दुसरी : सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि पगार 15,000 च्या वर असलेला माणूस पेन्शनचा सभासदच होत नाही. तरी त्याचे 1,250 दरमहा तिकडे भरलेले असतात आणि क्लेम तिथंच अडकतो.

वकील : लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द होतं. आईचं नाव तसंच राहिलं आणि माणूस गेला, की सासू-सुनेत कागद फिरतात. आधार, शाळेचा दाखला आणि पीएफमधली जन्मतारीख जुळवण्याचा संयुक्त अर्ज नोकरीत असतानाच द्या. कंपनी बंद पडल्यावर सही करणारा मिळत नाही.

टाइम ऑफिस पुन्हा : ठेकेदार बदलला की जुन्याकडून नोकरी सोडल्याची तारीख भरून घ्या. ती नसेल तर नव्या खात्यात ट्रान्स्फर अडतो. पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरायला कधीकधी जुन्या ठेकेदाराकडची तेवढीच सेवा कमी पडते आणि पेन्शनऐवजी 10सी हा फॉर्म भरून एकरकमी पैसे घ्यावे लागतात.

वकील : शहाजी लॉ कॉलेजच्या मुलांनो, कलमं नंतर. आधी मस्टर (हजेरीपट) आणि पीएफ भरल्याचं चलन शेजारी ठेवून वाचायला शिका.