उन्हाळ्यात खाज, रोज पांढरं जाणं आणि इंटिमेट वॉश... खालची काळजी नेमकी घ्यायची कशी? (नागपूर)

पिवळी_स्कूटी

नमस्कार मैत्रिणींनो, विषय बोलायला ऑड वाटतो पण घरी धड विचारता येत नाही म्हणून इथे विचारून राहिले. वय 24, लग्न झालेलं नाही, मानेवाड्याला पीजीत राहते आणि जॉब मिहानला, रोज स्कूटीने जाणं-येणं. नागपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, मे महिन्यात पारा 45 च्या वर, ऑफिसला पोचेपर्यंत जीन्स आतून घामाने ओली होते आणि मग दिवसभर एसीत तशीच बसते.

जांघेत खूप खाज येते, कडेने लालसर गोल चट्टा दिसतो. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावली की दोन दिवसांत आराम, बंद केली की परत सुरू, आणि आता चट्टा आधीपेक्षा पसरलाय. दुसरं म्हणजे अंगावरून पांढरं जातं, वास नाही, आत खाज नाही, पण काही दिवस जास्त आणि काही दिवस कमी. आई म्हणते कमजोरी आली, हाडं झिजतात याने. गावची मावशी म्हणते तुरटीच्या पाण्याने आतून धू. रूममेट सकाळ-संध्याकाळ इंटिमेट वॉश वापरते आणि मलाही घे म्हणून मागे लागलीय. कोणाचं ऐकू? रोजच्या सवयी काय ठेवायच्या ते कोणी नीट सांगाल का प्लीज.

ओपीडीवाली_सिस्टर

अगं चांगलं केलंस विचारलंस ते. मी स्त्रीरोगच्या ओपीडीत स्टाफ नर्स आहे आणि हेच तीन प्रश्न रोज कानावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पांढरं जाणं. पाळी सुरू झालेल्या प्रत्येक बाईला थोडं जातंच, त्याने हाडं-बिडं झिजत नाहीत, ही भीती बायकांच्या डोक्यात पिढ्यान् पिढ्या बसलीय आणि त्यापायी नको ती औषधं पोटात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर ते पातळ, चिकट, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं ताणलं जाणारं होतं, नंतर घट्ट होतं. तुला जास्त-कमी वाटतंय ते बहुतेक हेच. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर त्याला औषध नकोच.

योनी आतून स्वतःची सफाई स्वतः करते. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते लॅक्टिक ॲसिड तयार करतात म्हणून तिथला पीएच 3.8 ते 4.5 च्या आसपास म्हणजे आंबट राहतो आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंना वाढता येत नाही. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच 9-10 असतो. आता तूच बघ, साबण, तुरटी, डेटॉल, निंबाचा काढा, काहीही आत घातलं की हे चांगले जंतू मरतात आणि मग खरं इन्फेक्शन सुरू होतं. त्यामुळे मावशीचं मन दुखवू नकोस पण तुरटी आत अजिबात नको.

इंटिमेट वॉशशिवाय काही अडत नाही. बाहेरचा भाग साध्या कोमट पाण्याने दिवसातून एकदा, आणि घामाच्या दिवसांत घरी आल्यावर अजून एकदा धुतला की पुरे. बाहेरच्या बाहेर लावायचंच असेल तर बिनवासाचं, सौम्य काहीतरी थोडंसं, आत नाही. सुगंधी वॉश, सुगंधी पॅड, परफ्यूम, वेट वाइप्स यांनी तिथली नाजूक कातडी आणखी चिडते.

आता तुझी खरी भानगड, जांघेतला चट्टा. कडेने लाल, गोल आणि पसरणारा, हे मला गजकर्णासारखं, म्हणजे कातडीवरच्या बुरशीसारखं वाटतंय, योनीच्या आतल्या इन्फेक्शनशी त्याचा संबंध नाही. ट्यूबवरची नावं वाच. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, त्याने खाज लगेच थांबते पण आत बुरशी मोकाट वाढते, म्हणून तर पसरलंय. ती ट्यूब पुन्हा लावू नकोस, कातडीच्या डॉक्टरला दाखव. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण कर.

महालची_वहिनी

सिस्टरने खूप छान सांगितलं. मी फक्त कपड्यांचं सांगते कारण पीजीतल्या पोरींचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. आतले कपडे दोरीवर टॉवेलच्या खाली, ओढणीच्या मागे लपवून वाळत घालतात, कोणी पाहील म्हणून. मे महिन्यात ठीक आहे, नागपूरच्या उन्हात अर्ध्या तासात कडक होतात, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत ते टॉवेलखाली ओलसरच राहतात आणि सकाळी घाईत तेच अंगावर चढतात. इलास्टिकच्या पट्टीला हात लावून बघा, मधलं कापड कोरडं असलं तरी ती पट्टी दमट असते आणि चट्टे बरोबर त्याच रेषेवर येतात. उघडं ऊन द्या, लाज कशाची? पावसात इस्त्री फिरवा.

सुती चड्डी, सैल. घामाच्या दिवसांत बॅगेत एक जास्तीची ठेव, ऑफिसला पोचल्यावर बदल, जीन्सऐवजी सुती सलवार किंवा सैल पॅन्ट घाल, फरक स्वतःच कळेल. रात्री आत काही न घालता सैल पायजम्यात झोपलं तर हवा लागते. केस काढायचे नसतील तर नका काढू, ते घाणेरडे नसतात, वाटलं तर कात्रीने छाटा. रेझरने कापलं की तिथेच फोड येतात.

आणि हो, मी ऐकलं होतं की दही लावलं तर बरं वाटतं, त्यात चांगले जंतू असतात म्हणे?

ओपीडीवाली_सिस्टर

वहिनी, दही जेवणात भरपूर खा, पण तिथे लावू नका. दह्यातले जंतू आणि योनीतले जंतू एकच नसतात, आणि दही लावून इन्फेक्शन बरं होतं असा भरवशाचा पुरावा नाही. लसणाची पाकळी आत ठेवणाऱ्या बायकासुद्धा येतात आमच्याकडे, आग आग होऊन.

काटोल_रोडच्या_बाई

मी शिक्षिका आहे, गावाकडच्या शाळेत. बाथरूमचा प्रश्न इतका वाईट की आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही, लघवी दाबून ठेवतो आणि मग लघवीची जळजळ सुरू होते. त्यासाठी मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, पाणी बंद करणं हा उपाय नाही, शाळेत, ऑफिसात एकत्र होऊन स्वच्छ बाथरूम मागा. धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही, हे मी सातवी-आठवीच्या पोरींना पाळीच्या तासाला आवर्जून सांगते कारण घरी कोणी सांगतच नाही. पॅड 4 ते 6 तासांनी बदलायचं, कमी भिजलं असलं तरी. पाळीचा कप वापरणाऱ्यांनी तो 12 तासांच्या आत रिकामा करायचा आणि पाळी संपली की उकळून ठेवायचा.

माझ्या आईचंही सांगते. वय साठच्या पुढे, खाज आणि पांढरं दह्यासारखं घट्ट, क्रीम लावून परत परत तेच. डॉक्टरांनी शुगर तपासली तर वाढलेली निघाली. शुगर आटोक्यात आली तेव्हा खाज थांबली. घरातल्या मोठ्या बायकांना असं वारंवार होत असेल तर शुगर बघाच. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, आग होते, त्यावरही औषध आहे, सोसत बसायची गरज नाही. पण पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तर थांबायचं नाही, सरळ डॉक्टर.

पिवळी_स्कूटी

सगळ्यांचे खूप आभार. ट्यूब पाहिली, क्लोबेटासोलच लिहिलंय!! बंद केली. आता एकच, डॉक्टरकडे कधी जायचं हे कसं ओळखायचं, आणि लग्न झालेलं नसताना गेलं तर आतून तपासतात का? त्याच भीतीने पाय निघत नाही.

ओपीडीवाली_सिस्टर

कोणीही तुला न विचारता आतून तपासू शकत नाही, आणि बहुतेक वेळा नुसतं विचारून, बाहेरून बघूनच बरंच कळतं. "आतून तपासणी नको" असं स्पष्ट म्हण, सोबत आई किंवा मैत्रीण राहू दे, लेडी डॉक्टर मागायचाही तुला हक्क आहे. संबंध आले असतील तर ते डॉक्टरला खरं सांग, त्यावर औषध ठरतं. ते डॉक्टरपाशीच राहतं, घरी कोणी फोन करत नाही.

घट्ट दह्यासारखं आणि जोरात खाज म्हणजे बहुतेक बुरशी, अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्यावर हे जास्त दिसतं. करड्या रंगाचं पातळ आणि मासळीसारखा वास हे वेगळं, पिवळं-हिरवं फेसाळ हे आणखी वेगळं, आणि तिघांची औषधं वेगवेगळी, म्हणून मैत्रिणीची गोळी आपल्याला चालत नाही. ओटीपोटात दुखून ताप आला, फोड-जखम झाली, संबंधानंतर रक्त गेलं तर त्याच दिवशी जा.

तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सुरू करायची, सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी व्हीआयए करतात, थोडं ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, काही मिनिटांचं काम. एचपीव्ही या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, त्यावरची लस तुझ्या वयातही घेता येते, पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक आहे, डॉक्टरला विचारून घे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सोडायची नाही.

गांधीबागेतलं डागा हे बायकांचंच सरकारी हॉस्पिटल आहे, मेयो आणि मेडिकल या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत स्त्रीरोग आणि कातडी दोन्ही ओपीडी आहेत. चट्ट्यासाठी आधी कातडीवाल्यांकडे जा, सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढ, आणि ती ट्यूब सोबत ने, किती दिवस लावली ते डॉक्टर विचारतीलच.