जुन्या टीव्हीवरच्या काळ्या पट्ट्या : चोरी कोणाची?

गच्चीवरचा अँटेना :
‘वाहिन्या पडद्याचा पाव भाग काळा ठेवून ग्राहकाची लूट करतात, चित्र पडदाभरच दाखवले पाहिजे,’ असे एका सदस्याने काल ठणकावून लिहिले, म्हणून हे उत्तर. १६:९ चे, म्हणजे १६ भाग रुंद आणि ९ भाग उंच असे चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ पडद्यावर पूर्ण दाखवायचे, तर वर-खाली पट्ट्या येणारच. पडदा भरायचा, तर दोन्ही बाजूंनी मिळून रुंदीचा पाव भाग कापावा लागतो. ज्याला लूट म्हणायचे ती ही कापाकापी आहे, कारण पट्टीमागे काहीच दडलेले नसते, कापलेल्या भागात मात्र क्षेत्ररक्षक उभा असतो.

पडदानशीन :
तो सदस्य मीच. भूमिती मलाही येते. २१ इंची टीव्हीची उंची कागदोपत्री साडेबारा इंच. त्यात १६:९ चे चित्र साडेनऊ इंचांचे होते आणि त्याहून रुंद सिनेमास्कोप चित्रपट जेमतेम सात इंचांचा. माझ्या वडिलांना खालची बातमीपट्टी वाचता येत नाही, त्यांना आपला क्षेत्ररक्षक ऐकवू का? मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर ॲनालॉग केबल बंद झाली आणि आम्ही निमूटपणे डबा (सेट-टॉप बॉक्स) विकत घेतला. आता नवा टीव्हीही घ्यावा, असे आपले म्हणणे दिसते.

निवृत्त केबलवाला :
दोघेही डब्याच्या मेन्यूत न डोकावता भांडत आहात. जोडणी करणारा मुलगा पुष्कळदा टीव्हीचा आकार १६:९ असाच सोडून जातो. मग ४:३ च्या संचावर सगळी माणसे उंच आणि काटकुळी दिसतात. तेथे ४:३ निवडून ‘लेटरबॉक्स’ (पट्ट्यांसह पूर्ण चित्र) की ‘पॅन-स्कॅन’ (बाजू कापून पडदाभर चित्र) हे घरच्यांनी ठरवायचे असते. अर्थात लेटरबॉक्समध्ये पडद्यावरच्या ५७६ आडव्या रेषांपैकी ४३२च चित्राला उरतात, त्यामुळे बारीक अक्षरे अस्पष्ट होतात, ही पडदानशीन यांची तक्रार खरी आहे. सोनीच्या काही महागड्या ट्रिनिट्रॉन संचांत सर्व रेषा त्या पट्ट्यांमधल्या जागेत दाबून बसवण्याची सोय होती, पण असा संच मला फारच थोड्या घरांत दिसला.

डोंबिवलीची :
जुन्या टीव्हीचे दुःख कसले सांगता? आमच्याकडे नवा, रुंद टीव्ही आहे आणि यजमानांना बाजूच्या पट्ट्या खपत नाहीत, म्हणून जुन्या ४:३ मालिका ताणून बघितल्या जातात. प्रत्येक चेहरा एकतृतीयांशाने रुंद! मी मूळ आकार लावते, पाणी प्यायला उठते आणि परत येते, तो नायिका पुन्हा फुगलेली असते.

पडदानशीन :
यजमानांचे बरोबर आहे. पडद्याचे पैसे त्यांनी दिले आहेत.

डोंबिवलीची :
पैसे मी दिले आहेत. आणि चित्राचा आकार पैशाने ठरत असेल, तर काल आपण वाहिन्यांवर एवढे का चिडलात?

निवृत्त केबलवाला :
ताणण्यावरून मी घराघरांत भांडणे पाहिली आहेत. सर्वांत वाईट प्रकार वेगळाच : वाहिनी ४:३ च्या चौकटीतच पट्ट्यांसकट चित्र पाठवते, ते रुंद टीव्हीवर चारही बाजूंनी काळे होते आणि मधोमध टपाल तिकिटाएवढा सिनेमा उरतो. तेथे ताणून काही उपयोग नाही, झूमच करावे लागते. तसे केले की उपशीर्षके कापली जातात आणि लोक मलाच फोन करून ओरडत.

गच्चीवरचा अँटेना :
मूळ मुद्द्याकडे येऊ या. पॅन-स्कॅन लावल्यावर कोपऱ्यातला धावफलक कापला जातो, हा दोष प्रक्षेपकाचाच आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. अक्षरे मधल्या ४:३ भागात बसवणे अवघड नाही. ब्रिटनमध्ये ॲनालॉग प्रक्षेपणासाठी १४:९ ची तडजोड वर्षानुवर्षे चालली : रुंदीचा आठवा भाग कापायचा, पडद्याचा सातवा भाग काळा ठेवायचा.

पडदानशीन :
म्हणजे थोडी लूट आणि थोडी कापाकापी. आपल्या विद्वत्तेला नमस्कार. वडिलांच्या डब्यावर आत्ताच पॅन-स्कॅन लावले. बातमीपट्टी मोठी झाली, फक्त तिची दोन्ही टोके गेली. ते म्हणतात, पट्टी सरकतेच आहे, मधले वाचले तरी पुरते.