नववीत चित्रकला चालू ठेवावी का?

प्रश्न (जुळे सोलापूर): मुलगी नववीत आहे. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेला बसवू की तो वेळ गणिताला देऊ?

उत्तर १: बसवाच! ग्रेडनुसार दहावीत ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, पण खरा फायदा नजरेचा. घनभूमितीत वस्तू मनात फिरवावी लागते.

उत्तर २: परीक्षेतल्या संकल्पचित्रात (नक्षीच्या चित्रात) पोस्टर कलर पातळ झाला की पट्टे दिसतात. दह्याइतका दाट ठेवा. पहिला हात वाळल्यावरच दुसरा.

उत्तर ३: गणित यातही आहे, ताई. सोलापुरी चादरीची नक्षी तिला आलेखकागदावर उतरवू द्या. जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) आलेखात एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याचा एक छेद. तिरकी रेघ पायऱ्यांची होते. कडा जुळल्या नाहीत तर नक्षी पुन्हा येताना तुटते. दोन प्रती शेजारी ठेवून तपासा.