मदत हवी आहे: पीबीएसच्या आरोग्यविषयक माहितीपटांना औषध कंपन्यांचा पैसा

मंडळी, अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवर, म्हणजे पीबीएसवर, रोगांविषयी जे माहितीपट दाखवतात त्यांच्या प्रायोजकांवर एक लेख लिहितोय. एका जागी गाडी अडली आहे.

नियम वाचले. प्रायोजकाचे नाव दाखवता येते, पण किंमत सांगणे, इतरांशी तुलना करणे किंवा 'आजच घ्या' म्हणणे चालत नाही. शिवाय पीबीएसच्या स्वतःच्या तीन कसोट्या आहेत: संपादकीय ताबा कोणाचा, प्रेक्षकाला काय वाटेल आणि हेतू धंद्याचा आहे का. पहिली आणि तिसरी समजते. दुसरीचे काय करायचे? 2005 च्या 'आरएक्स फॉर सर्व्हायव्हल' या जागतिक आरोग्यावरील मालिकेला गेट्स फाउंडेशनबरोबरच मर्क या औषध कंपनीच्या प्रतिष्ठानाचाही पैसा होता. पैसा कंपनीचा नाही, प्रतिष्ठानाचा, असे म्हटले की शंका मिटते? मला तरी नाही पटत.

पटकथेत कोणी ढवळाढवळ केली का, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. कुठल्या आजारावर माहितीपट निघतो आणि कुठल्यावर निघतच नाही, हे पैशाने ठरते का? औषधावर भर आणि प्रदूषण, गरिबी, विमा यांना दोन मिनिटे, असे होते का? न निघालेल्या माहितीपटाचा पुरावा शोधायचा तरी कुठे?

कोणी माध्यम-अभ्यास किंवा सार्वजनिक आरोग्यात काम केले असेल तर सांगा: अशी तुलना करायची रीत कोणती? श्रेयनामावल्या आणि विषयांची यादी ताडून पाहणे पुरेल का? 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सार्वजनिक प्रसारणाचा निधी काढून घेतल्यावर प्रायोजकांचे वजन वाढले असेल, त्यावर काही वाचनात आले असल्यास तेही कळवा.