अल्ट्रालाइट उडवायला परवाना सक्तीचा असावा का?

आभाळवेडा: अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलकी, छोटी विमानं. त्यांच्यासाठीचा अमेरिकेच्या हवाई नियमांमधला भाग १०३ हा १९८२ सालचा. एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत (साधारण ११५ किलो), इंधन ५ गॅलन, सरळ उड्डाणात कमाल वेग ५५ नॉट (ताशी साधारण १०२ किमी). एवढ्यात बसणारं यंत्र उडवायला ना परवाना लागतो, ना वैद्यकीय दाखला. मला हे योग्य वाटतं. दुसरा माणूस बसवता येत नाही, दाट वस्तीवरून जाता येत नाही. धोका मुख्यतः उडवणाऱ्यालाच, मग निर्णयही त्याचाच असावा.

मंदझुळूक: अजिबात पटलं नाही. यंत्र हलकं म्हणून उडवायला सोपं, हाच गैरसमज जीव घेतो. वजन कमी आणि तारा-नळ्यांमुळे हवेचा अवरोध जास्त, त्यामुळे टेक-ऑफनंतर इंजिन बंद पडलं की वेग झपकन उतरतो. नाक तत्क्षणी खाली दाबावं लागतं. घाबरलेला हात मात्र स्टिक (नाक वर-खाली करणारी दांडी) मागे ओढतो आणि माणूस धावपट्टीकडे वळायला जातो. त्या वळणात पंख स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरायची ताकद गमावतो, आणि सावरायला उंची उरलेली नसते. हे वाचून येत नाही. शेजारच्या प्रशिक्षकाने पुन्हा पुन्हा थ्रॉटल मागे घेऊन (इंजिनची शक्ती कमी करून) ते हातात भिनवावं लागतं.

आभाळवेडा: प्रशिक्षण नको असं मी कुठे म्हटलं? सक्ती नको म्हटलं. जड विमानांचा परवाना असलेला वैमानिकसुद्धा इथे चुकतो, कारण त्याचं विमान वेग इतक्या लवकर सोडत नाही.

धावपट्टी२७: म्हणून तर याच वर्गाचं वेगळं प्रशिक्षण हवं. ब्रिटनने एकआसनी हलक्या मायक्रोलाइटना (तिकडे अशा हलक्या विमानांना हेच नाव) उड्डाणयोग्यतेच्या तपासणीतून सूट दिली, पण वैमानिकाला परवाना ठेवलाच: किमान २५ तास, त्यातले १० एकट्याने. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते.

आभाळवेडा: पण शिकायचं कशावर? अमेरिकेत दोन आसनी अल्ट्रालाइटवर शिकवायची सवलत २००८ साली संपली. सुरक्षिततेचं नुकसान तिथे झालं. आधी ती वाट मोकळी करा.

मंदझुळूक: हा मुद्दा शंभर टक्के मान्य. तरी पहिल्या एकट्या उड्डाणाआधी प्रशिक्षकाची सही, एवढी अट तरी घालाल की नाही?

आभाळवेडा: सही चालेल. सरकारी परीक्षा नको.