पगार वाढला तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटणार काय? (अपंग कामगार, बेळगाव)

उद्यमबागचा_टर्नर:
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं लेथवर हाय. डाव्या पायाला लहानपणचा पोलिओ, पायाला आधाराचा कॅलिपर लावून उभ्यानंच काम करतो, सर्टिफिकेटवर ६० टक्के आहे. पगार २०,४०० होता, जूनपासून २२,८०० केलाय. आनंद व्हायचा सोडून टेन्शन आलंय बघा. ऑफिसातला पोरगा म्हणतोय २१ हजाराच्या वर गेलास, आता सप्टेंबरनंतर ईएसआय बंद. आईला शुगर-बीपी, ती माझ्याच कार्डावर दवाखान्यात जाते, महिन्याच्या गोळ्या तिथनंच. कॅलिपरचा गुडघ्याजवळचा पट्टा तुटलाय, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून चालवतोय, ते पण ईएसआयमधनं होईल म्हणून थांबलो होतो. आता मालक म्हणतात स्लिपवर २०,९०० दाखवतो, वरचे हातात देतो. घेऊ काय? का वाढच नको म्हणू?

हिशेबनीस_शहापूर:
अहो दादा थांबा, कशालाच हो म्हणू नका अजून. मी दोन कारखान्यांची ईएसआयची चलनं भरते, दर महिन्याचं काम आहे माझं. २१,००० ची मर्यादा बाकीच्यांना, अपंग कामगाराला २५,००० आहे. तुम्ही २२,८०० वर आरामात बसता. तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १७१ रुपये कापले जातील, आधी १५३ जायचे. मालकाचे ३.२५ टक्के, ७४१. एवढ्यासाठी कोण वाढ सोडतंय? मला वाटतं तुमची अपंग म्हणून नोंदच केलेली नाही, पोरानं साध्या कामगाराचा नियम लावला. ओव्हरटाइम पण त्या मर्यादेत धरत नाहीत, ते पण सांगा त्याला.

जुना_फिटर:
भावा स्लिपवर कमी आणि हातात जास्त, ह्या भानगडीत पडू नको, मी पडलोय. स्लिपवर १२ हजार, हातात १७. चेपलं बोट, दीड महिना घरात. अपघाताच्या रजेचे पैसे पगाराच्या ९० टक्क्यानं मिळतात खरे, खरं कुठल्या पगाराच्या, तर स्लिपवरच्या. आजारपणाच्या रजेला तर ७० टक्केच. पीएफ पण तेवढ्यावरच. वरचे पाच हजार बोलायलाच नव्हते कुठं, मालक म्हणाला काम केलंस काय त्या दिवसांत.

निपाणीकर:
महाराष्ट्रानं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली ना, ती बघा की?

हिशेबनीस_शहापूर:
ती कर्नाटकानं अडवली तो वाद वेगळाच, आणि तशी पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाची. आपल्याकडच्या आयुष्मान-आरोग्य कर्नाटकचं पण तसंच, बीपीएलला वर्षाला ५ लाख, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्केच, ते पण वर्षाला दीड लाखापर्यंत. आणि बीपीएल कार्डाला उत्पन्नाची मर्यादा १.२० लाख, म्हणजे महिन्याला दहा हजार कमावणारा पण काठावर. शुगरच्या गोळ्या दर महिन्याला ह्यातलं कोण देतंय? म्हणून म्हणते ईएसआय सोडू नका.

उद्यमबागचा_टर्नर:
लय आभार ताई. पण सर्टिफिकेट कोल्हापूरचं आहे, आजोळी असताना काढलेलं, कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. इथं चालतंय काय?

हिशेबनीस_शहापूर:
२०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो, कोल्हापूरचा म्हणून कोण नाकारत असेल तर लेखी द्या म्हणावं. फक्त तुमचा जुना आहे, म्हणून स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (अपंगांच्या देशभरच्या ओळखपत्राचा) अर्ज टाका, तो कागद स्कॅन करून जोडा. तपासणीला बोलावलं तर कॅलिपर लावूनच जा. तोवर दाखल्याची झेरॉक्स अर्जासोबत ऑफिसात द्या आणि पोच घ्या, पोच विसरू नका. आईचं नाव अवलंबित म्हणून आहे का ते पण बघून घ्या.

जुना_फिटर:
आणि २५ हजाराच्या वर गेला की काय? पाय बरा होतो काय त्या महिन्यात? २१ हजाराचा आकडा जानेवारी २०१७ पासून हललेला नाही, गोळ्यांचे रेट मात्र हललेत.

हिशेबनीस_शहापूर:
खरंय काका. त्यात एवढंच, वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, मधेच पगार मर्यादेच्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत ईएसआय राहतं.

उद्यमबागचा_टर्नर:
आज झेरॉक्स दिली. पोच मागितली तर पोरगा म्हणाला एवढ्याला काय पोच. मी तिथंच उभा राहिलो, शिक्का मारून दिला शेवटी.